मोटर पाणी ओढत नाही!

"मोटर पाणी ओढत नाहीये!" होस्टेलमध्ये राहणाऱ्या माणसाला या चार शब्दांची जेवढी भीती वाटते, तेवढी एम-थ्रीच्या पेपरचीसुद्धा वाटत नाही. नळ दोनदा फुस्स करतो, मग थेंब थेंब आणि मग शांतता. बादल्या घेऊन सगळे खालच्या टाकीकडे. आणि तिथे पंप बघणारे काका पाइपावर हात ठेवून तेच वाक्य परत म्हणत असतात.

मित्रांनो, गंमत अशी की हे वाक्य शास्त्रीयदृष्ट्या शंभर टक्के खरं आहे. मोटर पाणी ओढत नाही. बिघडलेली ओढत नाही, तशी कालच आणलेली कोरी करकरीतसुद्धा ओढत नाही. जगातला कुठलाच पंप पाणी "ओढत" नाही. ही एक गोष्ट नीट समजली की टाकीतून पाणी कसं काढायचं, कुठल्या पंपाने काढायचं, आणि काढताना माणसाने कुठे उभं राहायचं, हे सगळं आपोआप समजतं. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. तिथे प्रश्न आंघोळीचा नसून जिवाचा आहे.

मग ओढतं कोण?

स्ट्रॉने सरबत पिताना आपल्याला वाटतं आपण सरबत ओढतो. खरं तर आपण फक्त स्ट्रॉमधली हवा काढून घेतो. ग्लासातल्या सरबतावर बाहेरची हवा दाबत असते, तीच सरबत वर ढकलते. ढकलणारी हवा, श्रेय आपल्याला!

हे माणसाला कळायला बराच वेळ लागला. गॅलिलिओच्या १६३८ साली छापलेल्या ग्रंथात एका पंपाचा किस्सा आहे. टाकीतलं पाणी एका पातळीच्या खाली गेलं की पंप चालेनासा व्हायचा. पंप मोडला असं समजून कारागिराला बोलावलं, तर तो म्हणाला, दोष पंपात नाही. पाणी फार खाली गेलंय, अठरा हातांपेक्षा जास्त ते अशा पंपाने चढतच नाही. म्हणजे आपल्या काकांचा पूर्वज इटलीत होता म्हणायचा. त्या कारागिराला नियम माहीत होता, कारण मात्र माहीत नव्हतं. कारण सांगितलं गॅलिलिओच्या शिष्याने, टॉरिचेलीने, १६४४ मध्ये. आपण सगळे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो आणि त्या हवेला वजन आहे, हे त्याने पाऱ्याच्या नळीने दाखवलं. हवेचं वजन ७६ सेंटीमीटर पारा तोलतं. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून तीच हवा पाण्याचा १०.३ मीटर उंच खांब तोलते. झालं! सक्शनची लक्ष्मणरेषा ठरली. तुम्ही ५० एचपीची मोटर आणा किंवा ५०० ची, जमिनीवर ठेवलेला पंप १०.३ मीटरपेक्षा खोलचं पाणी वर आणू शकत नाही, कारण ढकलणाऱ्या हवेतच तेवढी ताकद नाही.

बरं, हे १०.३ मीटर समुद्रकाठी. १६४८ मध्ये पास्कलच्या मेहुण्याने पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधला एक डोंगर चढून पाहिला, तर वर पारा खाली उतरलेला दिसला. उंचावर हवा विरळ, म्हणून दाब कमी. त्याच हिशोबाने पुण्यात ही मर्यादा साधारण ९.७ मीटर येते आणि महाबळेश्वरला ९ मीटरच्याही खाली जाते. त्यातून पाइपातलं घर्षण, बेंड, जाळी यांचा वाटा वजा करा. पाणी कोमट असेल तर त्याची वाफ व्हायची घाई, तेही वजा करा. हातात उरतात सहा-सात मीटर. चांगला प्लंबर तर म्हणेल, तीन-चार मीटरच्या आत ठेवा आणि सुखी राहा. या सगळ्या वजाबाकीनंतर जे शिल्लक उरतं त्याला आमच्या पुस्तकात एनपीएसएच म्हणतात. मराठीत काय म्हणतात ते कृपया विचारू नका. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीकडून एवढा लेख लिहून घेतलात हेच खूप झालं!

मग पंप करतो काय?

आपल्या होस्टेलांमध्ये बहुतेक ठिकाणी असतो तो सेंट्रिफ्यूगल पंप. मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर, म्हणून मोनोब्लॉक. आत पाती असलेली एक चकती असते, तिला इंपेलर म्हणतात. ती मिनिटाला सुमारे २,८०० ते २,९०० फेरे घेते. चकती १३ सेंटीमीटर व्यासाची धरली तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ २० मीटर, म्हणजे ताशी ७० किलोमीटर होतो. चांगली पळणारी बाइकच म्हणा ना. या वेगाने पाणी कडेला भिरकावलं जातं, केसिंगमध्ये त्याचा वेग कमी होऊन दाब वाढतो आणि पाणी डिलिव्हरी पाइपातून वर चढतं. मधोमध जी जागा रिकामी होऊ बघते, तिथे दाब कमी होतो. मग टाकीतल्या पाण्यावरची हवा नवीन पाणी आत ढकलते. थोडक्यात, पंप फेकतो आणि हवा पुरवठा करते.

आता परीक्षेत हमखास येणारा प्रश्न: पंपात हवा शिरली की तो थंड का पडतो? अकरावीचं फिजिक्स आठवा. सेकंदाला २० मीटर वेगाने काहीही वर फेका, ते साधारण २० मीटर वर जातं. चेंडू फेका नाहीतर खडा, वजनाचा संबंध नाही. पंपाचंही ढोबळमानाने असंच. पाणी असेल तर तो २० मीटर पाण्याच्या खांबाइतका दाब देतो आणि हवा असेल तर २० मीटर हवेच्या खांबाइतका. पण हवा पाण्यापेक्षा ८०० पटींहून हलकी! २० मीटर हवेचा खांब म्हणजे पाण्याचे जेमतेम अडीच सेंटीमीटर. तीन मीटर खोल टाकीतून पाणी आणायचंय आणि पंपाची झेप बोटभर. मोटर फिरतेय, आवाज येतोय, बिल चढतंय, पाणी शून्य.

म्हणून आधी पंपात आणि सक्शन पाइपात पाणी भरून हवा बाहेर काढावी लागते. हेच ते प्रायमिंग. आणि भरलेलं पाणी मोटर बंद केल्यावर परत टाकीत पळून जाऊ नये म्हणून पाइपाच्या तळाशी एकाच बाजूला उघडणारी झडप असते, ती फूट व्हॉल्व्ह. गावाकडे शेतकरी तिला सरळ "फुटबॉल" म्हणतात, आणि "फुटबॉल खराब झालाय" हे ऐकून पहिल्यांदा मी पण चमकले होते. या झडपेत एक काडी किंवा खडा अडकला तरी रात्रभरात पाइप रिकामा होतो आणि सकाळी सात वाजता सगळं होस्टेल बादली घेऊन उभं! तेव्हा मोटरवर राग काढण्याआधी फूट व्हॉल्व्ह, मग सक्शन पाइपाचे जोड, मग ग्लँड, या क्रमाने तपासावं. सक्शनच्या जोडातून पाणी गळताना दिसत नाही, तिथे हवा आत शिरते. दिसत नाही म्हणूनच ती सापडायला वेळ लागतो.

सेल्फ प्रायमिंग नावाचे पंप असतात, त्यांच्या केसिंगमध्ये थोडं पाणी कायम साठून राहतं. ते हवेत मिसळून, हवा बाहेर टाकून, हळूहळू पाइप स्वतःच भरून घेतात. पण पहिल्यांदा पाणी त्यांनाही आपणच द्यावं लागतं. आणि कोरडा पंप तसाच फिरवत ठेवला तर पाण्यानेच थंड राहणारं सील तापून जळतं. "थोडा वेळ चालू ठेव, ओढेल" हा सल्ला म्हणूनच महाग पडतो.

मोट परत आली!

मग सहा-सात मीटरपेक्षा खोल असेल तर? उत्तर आपल्याकडे कधीपासून होतं. आजोबांच्या पिढीने पाहिलेली मोट आठवा. चामड्याची मोट विहिरीत बुडवायची, बैल धावेवरून उतारावर चालायचे आणि भरलेली मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी व्हायची. विहीर पंधरा मीटर खोल असली तरी चालायचं, कारण मोट पाणी ओढत नसे. ती पाण्यापर्यंत जाई आणि खालून उचलून आणी. पुढे बैलांच्या जागी इंजिन आणि पंप आले. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसवलेल्या किर्लोस्करवाडीचं नाव नांगराइतकंच पंपांशी जोडलं गेलं ते त्यामुळेच.

सबमर्सिबल पंप, म्हणजे आपली पाणबुडी मोटर, तत्त्वाने मोटेचीच नात आहे. ती स्वतः पाण्यात उतरते. हवेने ढकलायचा प्रश्नच उरत नाही, प्रायमिंगही नको, फक्त खालून वर ढकलत राहायचं. बोअरवेलमधली पाणबुडी लांब आणि बारीक असते. टाकी उपसायची असते ती बुटकी, बादलीएवढी, तळाला जाळी असलेली. हिला थंड ठेवायचं काम बहुधा भोवतालचं पाणीच करतं. म्हणून पाणी फार उतरलं की मोटर आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच तिला असावा, नाहीतर वायंडिंग गेलीच म्हणून समजा.

दोनशे जणांचं पाणी, तीन युनिट

आता थोडा हिशोब, नाहीतर इंजिनिअरिंगचा लेख कसला! होस्टेलमध्ये माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हे डिझाइनमध्ये धरलं जाणारं प्रमाण. दोनशे जणांचं होस्टेल धरलं तर २७,००० लिटर. खालच्या टाकीच्या तळापासून वरच्या टाकीच्या तोंडापर्यंत १८ मीटर आणि पाइपाच्या घर्षणाचे दोन, असे एकूण २० मीटर धरू. वस्तुमान, गुरुत्वाकर्षण आणि उंची यांचा गुणाकार करा. उत्तर येतं सुमारे दीड युनिट. मोटर आणि पंप मिळून निम्मी वीज वाया घालवतात असं धरलं तरी तीन युनिट. म्हणजे दोनशे जणांचं दिवसभराचं पाणी चौथ्या मजल्यावर चढवायला तीन युनिट वीज!

हेच काम हाताने करायचं तर? धडधाकट माणूस दीर्घकाळ सुमारे ७५ वॉट दराने काम करू शकतो. त्याला न थांबता जवळजवळ वीस तास लागतील, तेही रोज. दोन तासांत टाकी भरायची म्हटली तर सेकंदाला पावणेचार लिटर पाणी लागतं आणि त्यासाठी दोन एचपीची मोटर पुरते. "पाणी कमी येतं, मोठी मोटर बसवा" असं म्हणण्याआधी हा हिशोब करून पाहावा. सक्शन पाइप तोच ठेवून मोठा पंप बसवला तर हवा तेवढं पाणी पुरवू शकत नाही. मग इंपेलरपाशी दाब इतका पडतो की पाण्याचे बुडबुडे होतात, आणि ते पुढे फुटताना धातूचे कण उडवतात. पंपात खडी फिरतेय असा आवाज आला तर हेच चाललंय असं समजा. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात.

टाकी रिकामी करणं हे वेगळं काम

इथपर्यंत रोजचं पाणी चढवणं झालं. पण वर्षातून एक-दोनदा टाकी धुवायची असते, तेव्हा ती पूर्ण रिकामी करावी लागते. वरच्या टाकीला पंपाची गरज नसते. तळाचा वॉशआउट व्हॉल्व्ह उघडला, किंवा नळी भरून तिचं एक टोक खाली सोडलं, की पाणी स्वतःच्या वजनाने उतरतं. जमिनीखालच्या टाकीचं काय?

रोजचा पंप इथे अर्ध्यावर साथ सोडतो. पाणी उतरत गेलं की फूट व्हॉल्व्हवर भोवरा तयार होतो, त्यातून हवा शिरते आणि पंप थांबतो. शिवाय गाळ वर येऊ नये म्हणून फूट व्हॉल्व्ह मुद्दामच तळापासून वीतभर वर ठेवलेला असतो. चार मीटर बाय तीन मीटरच्या टाकीत वीतभर, म्हणजे २० सेंटीमीटर पाणी राहिलं तर ते किती? २,४०० लिटर! पंधरा लिटरच्या १६० बादल्या. आणि त्या भरायला माणूस आत उतरतो. तळाजवळून उपसणारी पाणबुडी लावली तर शेवटी सेंटीमीटरभर पाणी उरेल, म्हणजे १२० लिटर, आठ बादल्या. टाकी बांधतानाच एका कोपऱ्यात हातभर लांबी-रुंदीचा खड्डा ठेवून तळाला तिकडे उतार दिला तर तेवढंही उरत नाही. माणूस टाकीत किती वेळ राहणार, हे असं पंपावर ठरतं. पंपाची निवड महत्त्वाची ती यासाठी.

पंप आत की माणूस आत?

आता मूळ मुद्दा. टाकी साफ करताना माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. त्यामागची कारणं गूढ नाहीत, आपल्याच सिलॅबसमधली आहेत.

पहिलं कारण वीज. पाणबुडीची केबल कुठे सोललेली असेल तर सगळं पाणी जिवंत होतं. त्यात उभ्या असलेल्या माणसाला एक दशांश अँपिअरही जीवघेणा ठरू शकतो, आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. गेलेला आणि परत आलेला करंट यांत फरक पडला की तो क्षणार्धात तोडतो. त्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघावं. पंप नेहमी दोराने सोडावा, केबलने लोंबकळवू नये.

दुसरं कारण धूर. लाइट नसताना किंवा पावसाळ्यात पेट्रोल-डिझेलवर चालणारा पंप आणतात. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना रंग ना वास. "जवळ ठेवला की चांगला ओढेल" म्हणून हा पंप टाकीत किंवा टाकीच्या तोंडाशी ठेवतात. पण वर पाहिलंच आपण, हवा सहा-सात मीटरपर्यंत पाणी ढकलून देते. तीन मीटर खोल टाकीसाठी पंप आत उतरवायचं काहीही कारण नाही. तो बाहेरच, टाकीच्या तोंडापासून लांब, वारा धूर पलीकडे नेईल असा ठेवावा.

तिसरं कारण टाकीतली हवा. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की ती जागा धोक्याची समजतात. बंद टाकीत लोखंडाचा गंज आणि कुजणारा गाळ ऑक्सिजन खात असतात. कमी ऑक्सिजनमध्ये माणसाला गुदमरल्यासारखं वाटेलच असं नाही, तो नुसता कोसळतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि तोही. त्यातच डागांसाठी ॲसिड आणि जंतूंसाठी ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो. तो हवेच्या अडीच पट जड असल्यामुळे तळाशीच, माणूस वाकून घासत असतो तिथेच साचतो.

म्हणून मी हा सगळा लेख दोन ओळींत बसवला आहे, नोटीस बोर्डवर लावायला सोपा जावा म्हणून:

ज्या पंपाला धूर आहे, तो पंप कायम टाकीबाहेर.
जो पंप टाकीच्या आत चालू आहे, तोवर माणूस टाकीबाहेर.

पाणबुडीने पाणी उपसून झालं की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढून पंप वर घ्यायचा. झाकणं आदल्या दिवसापासून उघडी ठेवायची, पण भोवती आडोसा करायचा, नाहीतर अंधारात कोणी आत पडेल. ब्लोअरने आत ताजी हवा सोडायची, गॅस मीटरने ऑक्सिजन बघायचा, मगच उतरायचं. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर एक माणूस शेवटपर्यंत उभा. आत कोणी पडलाच तर वरच्याने दोर ओढायचा, मदतीला हाक मारायची, फायर ब्रिगेडला फोन करायचा. मागून आत उडी मारायची नाही. हे नियम पाण्याच्या टाकीचे. ड्रेनेज आणि सेप्टिक टँकमध्ये तर संरक्षणाच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हाच आहे.

आपण चार वर्षं थर्मो आणि फ्लुइड मेकॅनिक्सची डेरिव्हेशन्स पाठ करतो. टाकीत उतरणाऱ्या काकांना ती माहीत नसतात, आणि असायला हवीत अशी अपेक्षाही नाही. आपल्याला मात्र माहीत आहेत. पुढच्या वेळी "टाकी सफाईमुळे पाणी बंद राहील" अशी नोटीस लागली की बादल्या तर भराच, पण दोन मिनिटं खाली जाऊन बघा: पंप कुठे आहे, धूर कुठे जातोय, आरसीसीबी आहे का, दोर धरायला वर कोणी आहे का. नसेल तर रेक्टर सरांना सांगा, आणि दोर आपण धरा.